पाठीमागचं खोरं

आमच्या गाडीची परीक्षा होती, नेमक्या त्याच सकाळी खिंडीच्या तोंडाशी एक लांबलचक ट्रेलर आडवा होऊन बसला. त्याच्यावर कुठल्याशा कारखान्याचं अजस्र यंत्र, पुढची चाकं रस्त्यावर, मागची गटारात, आणि चालक बाजूच्या दगडावर बसून निवांत बिस्किटं खात होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "किती वेळ लागेल?" तो म्हणाला, "क्रेन निघालीय." कुठून निघालीय आणि कधी पोचणार, हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याचं त्याला काही पडलेलंही दिसत नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

बोलणं हा माझा धंदाच आहे, तेव्हा माझी ओळख मीच करून देते. मी नदीच्या खोऱ्यातल्या सहलीची गाइड. गाडी चालवतो तो माझा सख्खा मोठा भाऊ. खिंड फोडून खोऱ्यात उतरणारा रस्ता झाला, त्याच वर्षी मालकांनी ही फेरी सुरू केली, आणि पहिल्या दिवसापासून आम्ही दोघं तिच्यावर आहोत. वरच्या गावातून निघायचं, खिंडीतून खोऱ्यात शिरायचं, मग गुहांमधली चित्रं, पाणचक्की, नावा बांधणाऱ्यांची गल्ली, जकातीचा बुरुज असं नदीच्या कडेकडेनं उतरत शेवटी दगडी पूल आणि किल्ला. घरी परतायचं ते पलीकडून, डोंगराला वळसा घालून.

आता आमची काम करण्याची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. मी दादाच्या सीटशेजारी उभी राहते, दांडीला पाठ टेकून, तोंड प्रवाशांकडे. रस्त्याकडे माझी पाठ. नदी कायम माझ्या डाव्या हाताला, म्हणजे त्यांच्या उजव्या. मी "उजवीकडे बघा" म्हणते आणि डावा हात वर करते, आणि हे इतकं अंगात मुरलंय की घरी वहिनीनं "उजव्या कपाटातला डबा दे" म्हटलं तरी मी डावं कपाट उघडते. बाहेर मी बघतच नाही. मी चेहरे बघते. कोण कंटाळलंय, कोणाचं नवऱ्याशी वाजलंय, कोणाला गाडी लागणार आहे, सगळं मला चेहऱ्यांवरून कळतं. आणि आपण कुठे आलो हे मला दादाचा ब्रेक सांगतो.

दादा बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. वहिनी म्हणते, लग्नाला होकारसुद्धा यानं मान हलवून दिला. पण ब्रेकवर त्याचा पाय असा काही बोलका आहे की बघत राहावं. ठिकाण यायच्या जरासं आधी तो हलकेच ब्रेक दाबतो, गाडी अलगद दबते, माझ्या तळपायांना ते कळतं, आणि माझं वाक्य सुटतं. प्रवाशांना वाटतं, काय बाई आहे, न बघता कसं काय कळतं हिला. मी ही वाहवा एकटीच खाते. दादा तक्रार करत नाही, कारण तक्रार करायला बोलावं लागतं.

तर परीक्षेचं असं होतं. डोंगरातून नवा बोगदा झाला होता. शहराकडची एक मोठी प्रवासी कंपनी या हंगामापासून इकडे माणसं आणणार होती. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, आपल्या मोठ्या गाड्या बोगद्यातून थेट किल्ल्यापाशी आणायच्या, फोटो काढून तास-दीड तासात परत. दोन, आमची गाडी ठरवून जुन्या रस्त्यानं पूर्ण दिवसाची फेरी करायची. मालकांनी आम्हाला बसवून स्वच्छ सांगितलं होतं, "कंपनीनं बोगदा निवडला, तर ही फेरी बंद. मी गाडी विकून मोकळा होणार." म्हणजे दादा लांबच्या शहरात ट्रकवर आणि मी किल्ल्याच्या दारात तिकिटं फाडायला. वहिनीनं मला वेगळं गाठून बजावलं होतं, "वन्सं, तुमचा भाऊ आधीच बोलत नाही. तो दिसायचाही बंद झाला, तर मी लग्न केलंय हे मला सिद्ध करावं लागेल." ती हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते.

परीक्षेसाठी मालकांनी गाडी आतून-बाहेरून धुऊन घेतली होती. सीटांना नवी कव्हरं. मागच्या काचेवर वर्षानुवर्षं चिकटलेला किल्ल्याचा मोठा फोटो उन्हानं पार पांढरा पडला होता, तो खरवडून काढला होता. मी इस्त्रीची साडी नेसले होते. दादानं चक्क दाढी केली होती. एवढ्या तयारीनिशी आम्ही निघालो आणि पहिल्याच वळणावर हा ट्रेलर.

गाडीत मालक आणि कंपनीची डझनभर माणसं होती. त्यांच्या प्रमुख म्हणजे एक मोठ्या बाई, पांढरे केस, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल, तोंडात साखर नाही आणि कडूपणाही नाही. त्यांच्या शेजारी एक तरतरीत माणूस होता, ज्याच्या मनगटावर घड्याळ, हातात फोन आणि फोनमध्ये आणखी एक घड्याळ. त्याचं काम प्रत्येक ठिकाणाला किती वेळ लागतो ते मोजणं. मी मनातल्या मनात त्याचं नाव घड्याळवाला ठेवलं.

घड्याळवाल्यानं तोंड उघडायच्या आत मालकांनी घाम पुसत फर्मान काढलं. "बोगद्यानं चला. आधी किल्ला, मग जुन्या रस्त्यानं वर येऊ. तोवर हे धूड हललेलं असेल."

मी दादाकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. सगळी फेरी उलट दिशेनं करायची, हे आम्ही जन्मात कधी केलं नव्हतं. दादानं खांदे उडवले आणि गाडी वळवली.

बोगदा म्हणजे काय सांगू. गुळगुळीत रस्ता, पिवळे दिवे, आणि मला सांगण्यासारखं एक अक्षर नाही. "मंडळी, हा डोंगर" असं म्हणून मी गप्प बसले. आणि बघता बघता आम्ही पलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी. एरवी आम्हाला इथे पोचायला दुपार होते.

घड्याळवाल्यानं फोन बघितला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "हे तर फारच सोयीचं आहे. मग तो जुना रस्ता हवाच कशाला?"

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही पळालं असतं, पण मला राग आला की बाकी काही सुचत नाही. मी ताडकन उतरले आणि म्हणाले, "चला, आधी किल्ला बघून घ्या."

किल्ला मी झकास दाखवला, हे मी स्वतःच सांगते. पायी चालताना दिशांचा घोळ होत नाही. पुलाच्या कमानींखालून नदी कशी वळते ते दाखवलं, दरवाजावरचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला का ठोकलेत ते सांगितलं, धान्याच्या कोठारात टाळी वाजवून तिचा घुमारा ऐकवला. मंडळी खुशीत आली. दोघंतिघं तर कोठारात गाणीच म्हणायला लागली आणि त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं. मोठ्या बाईंच्या मनात काय होतं ते मात्र कळेना. माझं सगळं काम चेहऱ्यांवर, आणि या बाईंनी निम्मा चेहरा झाकून घेतलेला.

खाली आल्यावर मालकांनी मला बाजूला घेतलं. "छान झालंय. आता असंच बोगद्यानं परत नेऊ. उगाच वरचं दाखवायला जायचं आणि काहीतरी बिनसायचं."

"मालक," मी म्हणाले, "किल्ला त्यांना बोगद्यानंही मिळतोय. इथून परत गेलो, तर आपलं उरतं काय?"

"अगं, पण तुला उलटं जमणार आहे का?"

"न जमायला काय झालं? रस्ता तोच, नदी तीच, जीभ तीच."

मी जरा जास्तच जोरात बोलले असणार, कारण मोठ्या बाई आमच्यापाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "वर असं काय आहे?"

"सगळं," मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरं, जाऊ या. पण एक सांगते. वर पोचले की मी तिथल्या तिथे निर्णय देऊन टाकेन. कळवतो, बघतो असलं मला जमत नाही."

"आम्हालाही नाही जमत," मी म्हणाले आणि गाडीत चढले. मालक देवाचं नाव घेत मागून आले.

आणि मग जी काय फजिती सुरू झाली म्हणता.

पहिला आला जकातीचा बुरुज. ब्रेक दबला, माझं वाक्य सुटलं. "मंडळी, उजवीकडे बघा. पाच मजली बुरुज. नदीतून जाणारी एकही नाव याच्या नजरेतून सुटायची नाही." डावा हात मी असा काही झोकात वर केला की सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या. तिकडे डोंगर होता. डोंगरावर एक शेळी होती. शेळीनं आमच्याकडे बघितलं.

"नजर आहे खरी," मागून कोणीतरी म्हणालं, आणि गाडीत हशा पिकला.

उलट दिशेनं जाताना नदी दुसऱ्या बाजूला येते, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. माझ्या डोक्याच्या लक्षात आलंही होतं, पण हाताला कोणी कळवलं नव्हतं. मी घाईघाईनं दुसरा हात वर केला. तोवर बुरुज मागे गेला होता, कारण दादाच्या पायाचीही तीच गत. एरवी बुरुजाच्या अलीकडे एक विजेचा खांब लागतो, तो दिसला की दादाचा पाय ब्रेकवर जातो. आज खांब बुरुजाच्या पलीकडे होता. मी वळून दादाकडे डोळे वटारले. त्यानं कानाची पाळी पकडली.

नावांच्या गल्लीपाशी आम्ही दोघं पुन्हा चुकलो. मी एका भिंतीला नावेचा सांगाडा म्हटलं. शिवाय माझी गोष्टही उलटी होत होती. एरवी मी गुहेतल्या माणसापासून सुरुवात करते आणि किल्ल्यापर्यंत येते. आज मी नातवापासून निघून खापरपणजोबांकडे चालले होते. "आत्ताच आपण गुहेत पाहिलं तसं," असं मी ठणकावून सांगितलं आणि घड्याळवाला म्हणाला, "ताई, गुहा अजून यायची आहे."

दुसरी एखादी असती तर रडली असती. मी चिडले, आणि माझं चिडणं कधीकधी कामाला येतं. मी म्हणाले, "हे बघा मंडळी, आमची ही फेरी आज पहिल्यांदाच शेपटाकडून चाललीय. मी हात वर केला की तुम्ही दुसरीकडे बघत जा. आणि आता उतरा सगळे, गाडीत बसून नाव कळत नाही."

गल्लीत नशिबानं एक मोठी नाव पूर्ण व्हायला आली होती. नावा बांधणारे काका माझ्या ओळखीचे. मी त्यांना म्हटलं, "काका, पाहुण्यांच्या हातात हातोडी द्या." फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकायचा आणि वरून डांबर भरायचं, हे काम बघायला सोपं आणि करायला भलतंच. घड्याळवाल्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सरसावल्या आणि असा काही ठोकायला लागला की काकांनी त्याला मागे ओढलं. "अहो साहेब, नाव तरंगवायचीय." त्याच्या पँटवर डांबराचा भला मोठा ठिपका पडला आणि तो ठिपका तो सगळ्यांना दाखवत सुटला.

पाणचक्कीत तर धमालच. चाक फिरत होतं, पाट तुडुंब वाहत होता, खालच्या खोलीत दोन दगड एकमेकांवर घरघरत होते. मी मूठभर गहू टाकायला सांगितलं, आणि एकेकाच्या ओंजळीत गरम पीठ पडलं. मोठ्या बाईंच्या गॉगलवर पिठाचा थर बसला. त्यांनी तो पुसला आणि लगेच परत डोळ्यांवर चढवला. हसल्या की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग गुहा. लाल मातीनं काढलेली हरणं, पळणारी माणसं, आणि एका कोपऱ्यात हातांचे ठसे. त्यातला एक ठसा अगदी लहान मुलाचा आहे, कोणीतरी त्याला कडेवर घेऊन भिंतीपर्यंत पोचवलं असणार, इतका वर. मी एवढंच सांगितलं आणि थांबले. दोन बायकांनी आपापले हात हवेत धरून मापून बघितले.

म्हणजे सगळं बरं चाललं होतं. पण मनातून मी खचले होते, आणि त्याचं कारण मला एकटीलाच माहीत होतं. खिंड. आमच्या फेरीतलं खरं मोठं काही असेल तर ते खिंडीतून खोऱ्यात शिरणं. सकाळी गाडी दगडांच्या दोन भिंतींमधून जाते, अंधारून येतं, ब्रेक दबतो, मी म्हणते, "मंडळी, समोर बघा," आणि माझ्यासमोरचे सगळे चेहरे एका झटक्यात बदलतात. कोणाचं तोंड उघडं राहतं. कोणी शेजारच्याचा हात पकडतं. एकदा एक आजोबा उठून उभे राहिले होते. त्या चेहऱ्यांच्या जोरावर मी पुढचा दिवस काढते. आणि आज दिशा उलटी. खोरं सगळ्यांच्या पाठीमागे राहणार, गाडी खिंडीत शिरणार, आणि संपलं. माझा हुकमाचा एक्का मी टाकूच शकणार नव्हते.

मालकांना फोन आला की ट्रेलर निघाला, रस्ता मोकळा आहे. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गाडी शेवटचा चढ चढायला लागली. मंडळी दमली होती. घड्याळवाला पँटवरचा ठिपका नखानं खरवडत होता. मोठ्या बाई समोर बघत होत्या, म्हणजे माझ्याकडे, म्हणजे कदाचित कुठेच नाही. माझ्याकडचं सगळं सांगून संपलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी दांडीला टेकून तोंड मिटून उभी राहिले आणि समोर बघत राहिले, गाडीच्या मागच्या काचेतून.

आधी नुसती नदी दिसत होती, खाली, झाडांमधून. गाडी वर चढत गेली तशी काचेत नदी लांब होत गेली. पाणचक्कीचं छप्पर आलं. नावांची गल्ली आली, बोटाएवढी. मग बुरुज. मग एकेक वळण मागे उलगडत गेलं आणि नदी डोंगरांच्या मधून निघून, थेट टोकाला, दगडी पुलाखालून गेली, आणि पुलाच्या वर किल्ला उभा राहिला. सबंध किल्ला, पाण्यातल्या त्याच्या सावलीसकट. उतरतं ऊन सगळं त्याच्यावरच पडलं होतं. जे जे मी एवढी वर्षं सुटं सुटं दाखवत आले होते, ते सगळं एकाच नदीला धरून माझ्यासमोर पसरलं होतं आणि अजून पसरतच होतं.

ब्रेक दबला. खिंड आली होती.

"मंडळी," माझं तोंड आपोआप बोललं, "समोर बघा."

त्यांच्या समोर काळा कातळ होता. आणि मी होते. गाडीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं काय झालं होतं मला माहीत नाही. मालक नंतर म्हणाले की त्यांना वाटलं मला झटका आला. तोंड उघडं होतं हे नक्की, कारण घसा कोरडा पडला होता. आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते मला हनुवटीशी आल्यावर कळलं.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग गॉगल काढला, आणि मागे वळल्या. त्यांच्या पाठोपाठ सगळी गाडी मागे वळली. पण तेवढ्यात गाडी खिंडीत शिरली, दगडाची भिंत आडवी आली आणि काच काळी झाली.

"थांबवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, खिंडीत थांबत नाहीत," मालक म्हणाले, "रस्ता अरुंद आहे..."

"मग मागे घ्या."

दादानं मालकांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं गाडी थांबवली, दिवे लावले आणि मागचा गिअर टाकला. मी उडी मारून खाली उतरले, गाडीच्या मागे धावले आणि पत्र्यावर थापा मारायला लागले. "येऊ दे. येऊ दे. जरा डावीकडे. येऊ दे." म्हणजे पुन्हा माझं तोंड गाडीकडे आणि पाठ खोऱ्याकडे. मला इतका राग आला म्हणून सांगू, त्या गाडीचा, त्या रस्त्याचा, माझ्या नशिबाचा. पण भावाची गाडी दरीत जाऊ द्यायची नव्हती. खिंडीच्या बाहेर, समोरून गाडी आली तर बाजूला घ्यायला ठेवलेली एक मोकळी जागा आहे. तिथे गाडी बरोबर आत बसली. "बास," मी ओरडले आणि गर्रकन वळले.

सगळे उतरले. घड्याळवाला कठड्याला हात टेकून उभा राहिला आणि बोटानं एकेक जागा शोधायला लागला. "ती चक्की. ती गल्ली. मी ठोकलेली नाव तिथेच कुठेतरी असेल."

मोठ्या बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सांगा ना ताई, याच्याबद्दल काय सांगता तुम्ही एरवी?"

एरवी मी इथे इतकं बोलते. खोरं कसं तयार झालं, पहिली वस्ती कुठे, किल्ला कोणी बांधला, कितीदा पडला. त्यातला एक शब्द आठवेना. आणि खोटं बोलायचीही ताकद नव्हती.

"बाई, काय सांगू," मी म्हणाले, "मी हे पहिल्यांदाच बघतेय."

मागे मालकांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"म्हणजे?" त्या म्हणाल्या.

"रस्त्याकडे माझी पाठ असते. तोंड तुमच्याकडे. परतायचं ते पलीकडून. मागच्या काचेवर किल्ल्याचा फोटो चिकटवलेला होता. माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. लोकांचे चेहरे बघून मला वाटायचं, मी बघितलंय." बोलता बोलता माझा आवाज फुटला. "एवढी वर्षं मी लोकांना हे दाखवते, आणि मी बघितलंच नव्हतं."

घड्याळवाल्यानं सवयीनं फोन काढला. "मॅडम, इथे किती वेळ धरू?"

"तो आधी खिशात ठेव," त्या म्हणाल्या. मग मालकांकडे वळल्या. "बोगद्यानं किल्ला, आणि मग जुन्या रस्त्यानं वर. पूर्ण दिवस. आमच्या गाड्या बोगद्याच्या तोंडापर्यंत, पुढे तुमची गाडी, हीच दोघं. खिंडीच्या आधी या जागेत गाडी थांबलीच पाहिजे. आणि इथे या ताई एक अक्षर बोलणार नाहीत."

मला उभ्या जन्मात कोणी गप्प बसायचे पैसे देऊ केले नव्हते. मालक हो हो म्हणत इतके वाकले की मला त्यांच्या कमरेची काळजी वाटली. मंडळी टाळ्या वाजवायला लागली, कोणीतरी माझा हात हातात घेऊन हलवला, घड्याळवाल्यानं मालकांना मिठी मारली आणि डांबर त्यांच्याही सदऱ्याला लागलं. मला वहिनीला फोन करायचा होता. मला नाचायचं होतं. पण पाय जागचे हलेनात.

दादा गाडीच्या चाकामागे दगड लावून आला आणि माझ्या बाजूला उभा राहिला.

"दादा," मी म्हणाले, "तुला हे रोज दिसायचं?"

त्यानं मान हलवली.

"रोज? आणि एका शब्दानं कधी बोलला नाहीस मला?"

त्यानं कानाची पाळी पकडली.

"चिमणे," तो म्हणाला, "तू इतकं हुबेहूब सांगायचीस. मला वाटायचं, तुला दिसतंय."

मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते. पण त्यासाठी त्याच्याकडे तोंड वळवावं लागलं असतं.